वाचक विचारतात : वाईच्या आळ्या, वाडे आणि एक मासा

मागच्या अंकात वाईच्या जुन्या आळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, अगदी जाता जाता, आणि त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिली नाहीत कारण दोघा-तिघांनी घरातल्या वाटणीच्या गोष्टी मोकळेपणाने लिहिल्यात.

ताई, आम्ही पाचगणीला जाताना दरवेळी वाईत दोन तास थांबतो. ढोल्या गणपती होतो, घाटावर फोटो होतात, मग मिसळ खाऊन पसरणीचा घाट चढायला लागतो. जुनं गाव बघा बघा म्हणतात ते नेमकं काय बघायचं? आम्हाला वास्तुकलेतलं ओ की ठो कळत नाही. (पुणे)

कळायची गरजच नाही हो, फक्त गाडी बाजारात कुठेतरी लावा आणि चालत नदीकडे जा, एवढं केलंत तरी अर्धं काम झालं. कारण गाडी थेट घाटापर्यंत नेली की वाई उलटी दिसते, आधी देऊळ, मग नदी, मग गर्दी, आणि गाव बघायचं राहूनच जातं. बाजाराकडून एखादी आळी पकडून उतरायला लागलात की मग लक्षात येतं की इथे आळी म्हणजे नुसता रस्ता नाही, प्रत्येक आळीचं टोक कृष्णेच्या पायऱ्यांवर जाऊन टेकतं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, अशी सात नावं, सातांचे सात घाट, आणि कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सवसुद्धा सातांचा वेगवेगळा, थंडी संपता संपता एका घाटाचा झाला की दुसऱ्याचा. आपल्याकडे पुष्कळ गावं पेठेभोवती नाहीतर वेशीभोवती वाढली, हे गाव पाण्याकडे तोंड करून बसलेलं आहे.

आता चालताना वर बघू नका, आधी पायाखाली बघा. सगळेजण मान वर करून कोरीव काम शोधतात. तुम्ही घरांचं जोतं, म्हणजे घर ज्यावर उभं असतं तो चौथरा, बघत चला, काळ्या दगडाचं आहे का, दगड घडवलेले आहेत का नुसते ओबडधोबड रचलेत, रस्त्यापासून किती वर आहे. नदीकाठच्या गावात जोतं हा बडेजाव नसतो, ती पुराची आठवण असते. धोम धरण वरच्या अंगाला झालं गेल्या शतकात, ही घरं त्याच्या कितीतरी आधीची, कृष्णा मोकळी वाहत होती तेव्हाची. आणि डांबरावर डांबर चढत जाऊन आता काही घरांचं जोतं रस्त्यात बुडलंय तेही दिसेल, पाच पायऱ्यांच्या दोन राहिल्यात. मग दाराशी या. दाराच्या वर गणेशपट्टी, म्हणजे गणपती कोरलेली पट्टी, खाली उंबरा, दोन्हीकडे बसायला दगडी ओटे. ते ओटे बघून ठेवा, कारण फ्लॅटमध्ये ही चीजच नाही, ना धड घरात ना धड बाहेर अशी जागा, जिथे उन्हातून आलेला माणूस न विचारता टेकू शकतो.

मोठं दार असेल तर त्यातच एक छोटं दार असतं, ती दिंडी. वाकून आत जावं लागतं. आत लगेच देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची बसायची जागा, आणि मग चौक, मधलं उघडं अंगण. दार उघडं दिसलं म्हणून सरळ आत घुसू नका, हे मी हात जोडून सांगते, ती लोकांची घरं आहेत, म्युझियम नाही. बाहेरून हाक मारा. नाही म्हणाले तर पुढच्या आळीत जा.

दोन तासांत तीन आळ्या बास. सात करायच्या म्हणाल तर पाय दुखतील आणि काहीच दिसणार नाही.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे असं ऐकलं. आम्ही दोनदा जाऊन आलो, आम्हाला कुठेही मासा दिसला नाही. ही दंतकथा आहे का? (सोलापूर)

दंतकथा नाही, पण तुम्ही दर्शनाच्या रांगेतून गेलात आणि तसेच बाहेर आलात ना, मग कसा दिसणार. देवळाला वळसा घालून गाभाऱ्याच्या मागे जा, नदीपात्राच्या बाजूला. तिथे भिंत सरळ नाहीये, दोन बाजूंनी निमुळती होत टोकाला मिळते. मासा म्हणजे खवले, शेपूट, डोळे असं कोरलेलं काही शोधत असाल तर नाही सापडणार, आकार माशाचा आहे, चित्र माशाचं नाही.

आणि हे सौंदर्यासाठी केलेलं नाही. जुन्या दगडी पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूला टोकदार नाक असतं बघा, तेच इथे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आपटलं तर सगळा जोर भिंतीवर येतो, टोकावर आलं तर ते दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं, आणि अगदी घाटावर बांधलं, म्हणजे पूर येणार हे गृहीत धरूनच. आता आपण काय करतो, नदीकाठी प्लॉट पाडतो आणि पूर आला की सरकारला शिव्या घालतो. असो.

आत ती मूर्ती सुमारे दहा फूट उंच, आठ फूट रुंद, अखंड दगडाची, म्हणून तर ढोल्या. त्याच्या शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ पाच वर्षं आधीचं, १७५७, तेही रास्त्यांचंच, आनंदराव भिकाजी यांचं, याच रास्ते घराण्यावरून पुण्यातल्या रास्ता पेठेला नाव मिळालं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरातल्या, तेव्हा या घाटांवर एवढा दगड कुठून आला आणि पैसा कुठून आला याचा अंदाज तुम्हीच करा. तिथला काळ्या दगडाचा नंदी बघा, आणि दीपमाळा. रांग नसते फारशी तिथे, कारण सगळे शेजारच्या ढोल्याकडे असतात.

वाडा पेशवेकालीन आहे हे ओळखायचं कसं? आमच्या गावात प्रत्येक जुन्या घराला लोक पेशवेकालीन म्हणतात. (नाशिक)

तुमच्याच नाही, सगळ्याच गावात म्हणतात. पडकं दिसलं की पेशवेकालीन, अजून पडकं असलं की शिवकालीन.

काही गोष्टी बघता येतात. पहिलं म्हणजे छप्पर. लाल, सपाट, एकात एक अडकणारी मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर तरी पेशव्यांच्या काळातलं नाही, कारण त्या कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने काढला, तोवर पेशवाई जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. त्याच्या आधी कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं. पण थांबा, याचा अर्थ वाडा नंतरचा असा होत नाही, फक्त छप्पर नंतरचं, कारण नळीची कौलं दरवर्षी पावसाळ्याआधी चाळावी लागायची, माकडं नाचली की फुटायची, लोक कंटाळून मंगलोरी घालायचे. मग दुसरं, विटा. प्लास्टर कुठे उखडलेलं असेल तिथे बघा, जुन्या विटा पातळ आणि चपट्या असतात, आताच्यासारख्या जाड नाहीत. ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचा असल्या की समजा इंग्रजी अमदानीतली भर आहे.

तिसरं म्हणजे खांब. सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, म्हणजे खांबाची बैठक, वर दोन खांबांच्या मधे महिरप, म्हणजे नक्षीदार कमान, आणि छतातून लोंबणारं लाकडी केळफूल, हा सगळा पेशवाई थाट. इथेच मी तोंडावर आपटले होते ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाड्यात (कुठल्या गावात ते जाऊ दे) मी चौकात उभी राहून खांबांवर हात फिरवत दहा मिनिटं भाषण ठोकलं की हे बघा, अठरावं शतक, काय प्रमाणबद्ध, वगैरे वगैरे. मालक आजोबा शांतपणे ऐकत होते, सुपारी कातरत. मग म्हणाले, बाई, हा वाडा माझ्या वडिलांनी बांधला, मी तेव्हा गड्यांना पाणी नेऊन द्यायचो, खांब तेवढे दुसरीकडचा वाडा पाडला तिथून लिलावात घेतले. झालं. खांब जुने, वाडा नवा. तेव्हापासून मी खांब बघून तारीख सांगणं सोडलं. सागवान फार महाग होतं आणि टिकतं फार, त्यामुळे एका घराची लाकडं दुसऱ्या घरात जाणं ही अगदी रोजची गोष्ट होती. खांबाला अधेमधे कारण नसताना खाचा दिसल्या, ज्यात आता काहीच बसवलेलं नाही, तर समजा हा खांब आधी दुसरीकडे नांदून आलाय.

म्हणून तारखेच्या मागे न लागता वाडा कसा मोजला जातो ते शिका, ते जास्त मजेशीर आहे. जुन्या घरांचं माप चौरस फुटात नाही, खणात. दोन तुळयांच्या मधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांच्या आसपास. पाच खणी माजघर, सात खणी सोपा (दर्शनी ओसरी), असं बोलायचे. हे अंतर ठरतं लाकडावरून, वरचा कडीपाट, म्हणजे तुळयांवरचं फळ्यांचं छत, वाकणार नाही एवढंच. म्हणून गरिबाचं घर आणि सरदाराचा वाडा यांच्यात खण तोच, फक्त एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे तीस. छताकडे बघून तुळया मोजा, खोली किती मोठी ते टेप न लावता कळतं.

आमचा वडिलोपार्जित वाडा वाईत आहे, आम्ही सगळे बाहेर, मी न्यू जर्सीला, चुलत भावंडं पुणे-मुंबई-बंगलोर. आठ वाटेकरी. छप्पर गळतंय, भिंतींचे पोपडे निघतायत. तिथल्या एका ठेकेदाराने सगळीकडे सिमेंट प्लास्टर आणि वर ऑइल पेंट असा अंदाज दिलाय. करावं का? का पाडून टाकावं? भावनिक उत्तर नको, खरं सांगा.

खरं सांगते. सिमेंट प्लास्टर करू नका, त्यापेक्षा काहीच केलं नाहीत तर वाडा जास्त दिवस उभा राहील.

कारण असं आहे की तुमच्या त्या भिंती खाली दगड, वर वीट नाहीतर पांढऱ्या मातीच्या, आणि जोडायला चुना किंवा माती. या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात, आणि चुन्याच्या गिलाव्यातून (प्लास्टरमधून) ती हवेत सोडून देतात, वर्षानुवर्षं हेच चालू असतं. त्यांच्यावर सिमेंट थापलं की ओल आत अडकते, बाहेर पडायला वाट नाही, मग ती वर चढते, जिथे सिमेंट संपतं तिथे पोपडे निघतात, ठेकेदार म्हणतो अजून वर लावू, आणि आतली माती हळूहळू भुसभुशीत होत जाते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून पोकळ. लाकडाच्या टोकांचंही तेच, तुळईचं जे टोक भिंतीत रुतलेलं असतं ते दमट राहिलं की कुजतं नाहीतर वाळवी धरते, आणि ते दिसत नाही. ऑइल पेंटबद्दल तर बोलायलाच नको, सागवानाला चॉकलेटी आणि काळ्या दगडाला चकचकीत काळा रंग फासलेला बघितला की मला रडू येतं. दगडाला मुळात काळं करायचं काय कारण? तो काळाच आहे!

मग काय करायचं. आधी छप्पर. वाडा नेहमी डोक्याकडून, म्हणजे छपराकडून पडायला लागतो, पायाकडून क्वचित. पाऊस पडताना कुणालातरी माळ्यावर पाठवा, बॅटरी घेऊन, गळतं कुठे ते खडूने खुणा करून ठेवायला सांगा, फोटो मागवा. फुटकी कौलं आणि कुजलेल्या रिपा बदलणं हे संपूर्ण दुरुस्तीच्या मानाने फार स्वस्त काम आहे आणि एवढ्याने पुढची काही वर्षं मिळतात. दुसरं, भिंतीत नाहीतर कौलात पिंपळ-वडाची रोपं उगवली असतील तर ती बोटभर असतानाच मुळासकट काढा. वरून छाटली की मूळ अजून जाड होतं. तिसरं, भिंतीला लागून न्हाणीचं पाणी मुरत असेल किंवा कुणी नवीन बाथरूम काढलं असेल (काढलेलं असतंच) तर ते पाणी लांब न्या.

गिलावा मग शेवटी, आणि चुन्याचाच. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, मग वाळूबरोबर घाणीत मळतात. घाणी म्हणजे ती गोल दगडी चर, ज्यात बैल जड चाक फिरवायचे, काही गावांत अजून घाटाच्या कडेला पडलेली दिसते आणि मुलं तिच्यात बसून खेळतात. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची पद्धत होती, ताग घालायचे तडे जाऊ नयेत म्हणून. हे करणारे गवंडी कमी आहेत पण संपलेले नाहीत, जुन्या देवळांची कामं जिथे चालू असतात तिथे चौकशी केली की सापडतात. सिमेंटपेक्षा वेळ जास्त लागेल. तुम्ही तिकडे बसून घाई करू नका, चुना घाई करून घेत नाही.

आता आठ वाटेकरी. हा प्रश्न दगडमातीचा नाही आणि माझ्याकडे त्यावर औषधही नाही, पण इतकं बघितलंय की बहुतेक वाडे वाळवीने पडत नाहीत, न लागलेल्या सह्यांनी पडतात. कुणी दुरुस्तीला पैसे घालत नाही कारण उद्या वाटा किती मिळणार माहीत नाही. निदान कौलांच्या खर्चापुरती आठ जणांची सही घ्या, मालकीचा विषयच काढू नका त्या कागदात.

आणि शेवटी पाडायचाच ठरला, तोही निर्णय असू शकतो, मी कोण नाही म्हणणारी, तिथे राहायला कुणी नाही हे मलाही दिसतंय. पण मग पाडायच्या आधी एखाद्या आर्किटेक्टकडून मोजून नकाशा करून घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो, आणि जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन ‘सगळा माल एकरकमी घेतो’ म्हणाला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. गणेशपट्टी, महिरपी, दिंडीचं दार यांची किंमत जळाऊ लाकडाच्या भावात लावतात आणि पुढे ती कुठल्यातरी रिसॉर्टच्या रिसेप्शनमागे उभी दिसतात.

मेणवलीला चर्चमधली घंटा देवळाजवळ टांगलेली आहे, हे कसं? (रत्नागिरी)

लुटीची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या, त्यातली ही एक. घंटा १७०७ सालची, पंचधातूची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. लोक तिच्याखाली उभे राहून सेल्फी काढतात आणि मेरी मागच्या बाजूला राहते. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, तिथला घाट आणि वाडा दोन्ही नाना फडणवीसांचे. वाडा खाजगी आहे, आत सहा चौक आणि भिंतींवर चित्रं आहेत, बघायला मिळेल की नाही ते तिथे जाऊन विचारायचं. सिनेमावाल्यांनी तो घाट इतका वापरलाय की पहिल्यांदा गेलात तरी आधी येऊन गेल्यासारखं वाटतं. वेळ असेल तर पुढे धोमला जा, तिथला नंदी कासवाच्या पाठीवर आणि कासव कमळाच्या आकाराच्या हौदात, हौद भरला की ते सगळं पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. तसं दुसरं मी कुठे पाहिलेलं नाही.

मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एका जुन्या वाड्याचं मोजमाप करून ड्रॉइंग काढायचंय. ताई, सुरुवात कशी करू? लोक आत येऊ देत नाहीत. (कोल्हापूर)

तू एकटा जाऊ नकोस आणि आठ जणांची टोळीही नेऊ नकोस, तिघं पुरे. एक टेप धरायला, एक वाचायला, एक लिहायला. टॉर्च ने, कारण माजघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत दिवसा अंधार असतो. भिंतीतला जिना असेल तर त्याची पायरी मोजून बघ, तुझ्या गुडघ्याएवढी निघेल. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीतून मोज, दोन-तीन फूट भरली तर ठोकून बघ, आत धान्याचं बळद, म्हणजे भिंतीतलं कोठार, असू शकतं. कोनाडे सोडू नकोस. मुलं नकाशात खोल्या काढतात आणि कोनाडे विसरतात, आणि मग त्या घरात दिवा कुठे लावायचे ते कधीच कळत नाही. दारामागचा अडसर ज्या भोकात सरकतो त्याची लांबी मोजायचीस, हात घालायच्या आधी टॉर्च मार, विंचू असतात.

आणि लोक येऊ देत नाहीत याचं कारण सांगू? तुम्ही दारात उभे राहून कॉलेजचं पत्र पुढे करता. आजींना त्या पत्राचं काय करायचंय. त्या विचारतील, कोणाचा रे तू, कुठल्या गावचा. त्याचं नीट उत्तर दे, आजोळसुद्धा सांग, ओटीवर बस, पाणी दिलं तर पी. टेप पिशवीतच राहू दे. अर्ध्या तासाने त्याच उठतील आणि म्हणतील, ये, तुला आड दाखवते, यंदा पाणी फार खाली गेलंय.